तबकडीचा उजेड, आकाशाचा उजेड

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरची दर्शनी बाजू पश्चिमेला, ओव्हल मैदानाकडे आहे. मैदानातून पाहणाऱ्याला सूर्य उगवतो तो मनोऱ्याच्या पाठीमागून. तो वर आला की आकाश पांढरंफटक होतं आणि दगड काळवंडतो. इमारतींची छायाचित्रं काढणं हे माझं काम, आणि या मनोऱ्यासाठी पहाटेखेरीज दुसरी वेळ मला मान्य नाही.

नेमकी वेळ सूर्योदयाआधी साधारण २५ मिनिटांची, सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर असतानाची. घड्याळाची तबकडी तेव्हा आतून उजळलेली असते. त्याआधी, काळोखात तबकडीचा उजेड धरला तर मनोरा नाहीसा होतो. मनोरा धरला तर तबकडीचा पांढरा ठिपका होऊन काटे दिसेनासे होतात. आकाश उजळत जातं आणि काही मिनिटांपुरते दोन्ही उजेड तोलाचे होतात. दोन छायाचित्रं संगणकावर जोडूनही हा तोल साधता येतो, पण मला ते पटत नाही. दगडावरचा उजेड एका वेळेचा आणि आकाश दुसऱ्या वेळेचं, हे डोळ्यांना खुपतं. वरची गडद निळाई मुख्यतः ओझोनमुळे येते, तो पिवळा-नारिंगी प्रकाश शोषतो. थोड्या वेळानं पश्चिमेला, समुद्राकडच्या आकाशात फिकट गुलाबी पट्टा चढतो. त्या बाजूचा मऊ, सावली न पाडणारा उजेड कुर्ल्याच्या पिवळसर दगडावर येतो, आणि पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे २४ पुतळे भिंतीपासून सुटे दिसू लागतात.

जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं हा आराखडा लंडनमध्ये बसून केला. मुंबई त्यानं पाहिलीच नाही. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला त्यांच्या आईचं नाव मिळालं. स्कॉटच्या लंडनमध्ये संधिप्रकाश रेंगाळतो. इथे सूर्य बराच उभा चढतो, त्यामुळे सगळी मांडामांड अंधारातच उरकावी लागते.

मी ट्रायपॉड लावतो तो मैदानापलीकडे, महर्षी कर्वे रस्त्याच्या बाजूला. जवळ जाऊन कॅमेरा वर उचलला की मनोरा मागे कलल्यासारखा दिसतो. दूर राहून ३५ मिलिमीटरची लेन्स लावली, कॅमेरा उभा आणि पातळीत ठेवला, की तो ताठ उभा मावतो. खाली मैदान जास्त येतं, ते नंतर कापावं. आयएसओ १००, एफ/८, चार ते आठ सेकंद. त्याहून फार जास्त नको. ३० सेकंदांत मिनिटकाटा तीन अंश सरकतो, त्याचं टोक पुसट होतं. घड्याळाच्या छायाचित्रात वेळ वाचता आलीच पाहिजे, हा माझा हट्ट आहे.

महिनाही निवडावा लागतो. जूनमध्ये सूर्य डावीकडे, डिसेंबरमध्ये उजवीकडे उगवतो. दोन टोकांत जवळपास ५० अंशांचं अंतर. पावसाळ्यात पूर्व दिसणंच मुश्किल, आणि थंडीत धुरकं त्या निळाईला करडी करून टाकतं. नव्यानं शिकणाऱ्यांना मी पाऊस सरल्यानंतरचे पहिले दिवस सुचवतो.