तीन मिनिटांचे गाणे

भिलाईत एखाद्या घरी बारावीचे मूल आहे असे कळले, की पुढचा प्रश्न ठरलेला: क्लास कोणता लावला? 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली त्या या गावात अभियंता होणे जणू कुळाचारातच मोडते. वडिलांच्या बदल्यांमुळे दोन वर्षांपासून आमच्याकडे राहिलेल्या भाचीने मात्र गायनाची पदवी घेण्याचे ठरविले. तेव्हापासून शेजारी मंडळी, घरात कोणी आजारी असावे तशा हलक्या आवाजात आमची विचारपूस करतात.

वास्तविक त्याकरिता फार दूर जाणेही नको. खैरागडचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय येथून बसने एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. राजा वीरेंद्र बहादुर सिंह व राणी पद्मावती देवी यांनी आपला राजवाडा देऊन, दिवंगत कन्येच्या नावाने 1956 साली ते उभे केले. पंडित भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे मुंबईकर त्याच्या आरंभीच्या कुलगुरूंपैकी. येथील किती मराठी घरांस हे ठाऊक असेल, देव जाणे!

शाळेने मुलीस गाणे दिले, परंतु ते स्नेहसंमेलनाचे. तीन मिनिटांची चीज, समोर प्रमुख पाहुणे, आणि टाळ्या हमखास. तिच्या गुरुजींनी ही सारी बक्षिसाची गाणी बंद केली व केवळ भूप हाती दिला. मध्यम-निषाद वर्ज्य, स्वर अवघे पाच. आम्हांस वाटले, आठवड्यात उरकेल. पण तेच पाच स्वर देशकाराचेही. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. धैवतावर किंचित अधिक रेंगाळले, की भूप हातचा जातो. तो असा जाताना आम्ही पलीकडच्या खोलीतून कितीदा ऐकला आहे, आणि मागोमाग मुलीचे हुंदकेही.

शास्त्राची तयारी हे आणखी निराळे प्रकरण. भातखंड्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मुळात मराठीत, आणि मुलगी हिंदी माध्यमाची! रोज रात्री आम्ही मोठ्याने वाचतो, ती हिंदीत टिपून घेते. दहा थाट तिच्याआधी आम्हांसच पाठ झाले.

मेहुणे अजून पत्रेच लिहितात. ‘पोट कसे भरेल?’ हा त्यांचा एका ओळीचा सवाल. आम्ही कारकुनी उत्तर लिहिले: सरकारी नोकरीच्या पदवीधर परीक्षांना पदवी कोणत्या विषयाची, हे सहसा पाहत नाहीत, गाण्याची पदवीही चालते. लिहिले आणि लेखणी थांबली. इतकी वर्षे भूप घोटून पोरीने अखेर आमच्याच शेजारच्या टेबलाशी येऊन बसावे काय?

ते वाक्य खोडले. त्याच्या जागी काय लिहावे ते सुचलेले नाही. पत्र तसेच पडून आहे. भूपास पाचवा महिना लागला.