ती दुसरी कोण?

मागच्या शनिवारी घरी गेले होते. आई मेथी निवडत बसली होती आणि मी लॅपटॉप टीव्हीला जोडून 'गेम ऑफ थ्रोन्स'चा पहिला सीझन पुन्हा लावला होता. (आई समोर असताना ही मालिका बघायची म्हणजे काय कसरत असते ते जाणकारांना सांगायला नको. एक हात कायम रिमोटवर.) तर शेवटचा, दहावा भाग आला. खाल द्रोगोची चिता पेटते आणि डेनेरिस त्यात चालत जाते. आईनं मान वर केली. म्हणाली, "हे काय, थेऊरच्या रमाबाईंसारखं?"

'स्वामी' वाचलेल्या पिढीला दुसरं काय आठवणार! मी म्हटलं, अगं थांब, ही जळत नाही. ही सकाळी राखेतून बाहेर येते, अंगाखांद्यावर तीन ड्रॅगन घेऊन. आई बघत राहिली. मग म्हणाली, "आणि ती दुसरी कोण? तिला का बांधलंय?"

खरं सांगते, हा सीन मी निदान पाच वेळा पाहिलाय. कॉलेजात असताना होस्टेलवर हार्ड डिस्क फिरायची, तेव्हा तर मैत्रिणींबरोबर टाळ्या वाजवत पाहिलाय. माझ्या ऑफिसच्या टेबलावर खलिसीचा मग आहे. पण बांधलेल्या बाईबद्दल मला कधी प्रश्न पडला नव्हता.

तिचं नाव मिरी माझ दूर. मेंढपाळांच्या गावातली वैद्य-पुजारीण. द्रोगोच्या घोडेस्वारांनी ते गाव जाळलं, देऊळ जाळलं, तिच्यावर बलात्कार केले. का? तर डेनेरिसला बापाचं सिंहासन परत हवं, त्यासाठी समुद्र ओलांडायला जहाजं हवीत, जहाजांना पैसा हवा, आणि पैसा गुलाम विकून मिळतो. मग डेनेरिस मध्ये पडते, उरलेल्या बायकांना 'वाचवते' आणि मिरीनं कृतज्ञ राहावं अशी अपेक्षा धरते. मिरी द्रोगोवर उपचार करते, ते उलटतात (की ती उलटवते), पोटातलं बाळही जातं. नंतर ती तोंडावर विचारते, तू मला वाचवलंस ते नेमकं कशातून? त्या आधीच सगळं झालं होतं. अख्ख्या मालिकेत इतका सरळ प्रश्न डेनेरिसला क्वचितच कुणी विचारला असेल. उत्तर म्हणून तिला चितेला बांधतात.

एडवर्ड सईदचं 'ओरिएंटॅलिझम' 1978 सालचं. मी ते नोकरीला लागल्यावर वाचलं, अर्धं डोक्यावरून गेलं. पण मला समजलं ते एवढं की पश्चिमेनं रंगवलेली 'पूर्व' बहुतेक वेळा पश्चिमेच्याच कामाची असते. आता एसोस बघा. वाळवंट, सोनं, उघडी शरीरं, गुलामांचे बाजार. द्रोगोच्या लग्नात दोनचार मुडदे पडले नाहीत तर लग्न फिकं. बरं, वेस्टरोसमधले लोक काही साधुसंत नाहीत! पण तिथं क्रौर्याला घराणं असतं, कारण असतं, सूड असतो. एसोसमध्ये ती नुसती 'रीत' असते. दोथ्राकी भाषेत म्हणे आभार मानायला शब्दच नाही. हे ऐकून मला हसू आलं होतं. आमच्या घरी तरी भाजी वाढल्यावर आईला धन्यवाद कोण म्हणतं?

हे सगळं कळूनही अस्टापोरचा सीन (2013, तिसरा सीझन) मला अजून आवडतो. गुलामांचा व्यापारी त्याच्या भाषेत डेनेरिसला शिव्या घालत असतो, मिसांडे गोड शब्दांत भाषांतर करत असते आणि शेवटी कळतं की हिला सगळं समजत होतं. मीटिंगमध्ये दोन सीनियर तुमच्यासमोर तुमच्याबद्दलच आपल्या भाषेत बोलत असतील, तुम्हाला कळत नाही असं समजून, तर हा सीन काय देतो ते मला विचारा. माझ्याकडे ड्रॅगन नव्हता, म्हणून मी त्यांच्याच भाषेत म्हटलं, "मला येतं हो." दोघे चहा प्यायला निघून गेले. असो.

पण त्याच सीझनचा शेवट आठवा. युनकायच्या वेशीबाहेर हजारो सावळे हात आणि मधोमध त्यांनी उचलून धरलेली एकटी गोरी, रुपेरी केसांची 'आई'. यावर तेव्हाही टीका झाली होती. शूटिंग मोरोक्कोत, म्हणून एक्स्ट्रा तिथलेच, हा खुलासा. ठीक आहे. पण कॅमेरा आकाशात नेऊन तेच चित्र शेवटचं ठेवायचं, हे मोरोक्कोनं नाही ठरवलं.

आणि तिच्या जवळच्या बायका? दासी इरी दुसऱ्या सीझनमध्ये मरते. डोरियाला (जिनं हिला नवऱ्याला कसं जिंकायचं ते शिकवलं) दगाबाजीबद्दल तिजोरीत जिवंत कोंडतात. मिसांडे 2019 च्या शेवटच्या सीझनमध्ये मरते, पुन्हा हातात साखळ्या. तिच्या मरणानं डेनेरिसचा राग भडकतो आणि कथा पुढे सरकते. मिसांडेची स्वतःची कथा तिथंच संपते.

गायत्री स्पिव्हाक यांनी 1988 च्या निबंधात सतीच्या निमित्तानं हाच पेच मांडला होता. इंग्रज म्हणणार आम्ही या बायकांना वाचवलं, इथले पुरुष म्हणणार त्यांनाच जायचं होतं, आणि या दोघांत त्या बाईचा स्वतःचा आवाज कुठं ऐकूच येत नाही. मिरीचा आवाज तर ऐकू येतो. आधी ती मंत्र गाते, मग किंचाळते. मी पाचही वेळा ते ऐकलं असणार.

2019 मध्ये डेनेरिसनं किंग्ज लँडिंग जाळलं तेव्हा आम्ही सगळ्या पेटून उठलो होतो. सोमवारी पहाटे साडेसहाचा गजर लावून शेवट पाहिला आणि दिवसभर भांडलो. ही अशी अचानक वेडी कशी झाली? पटकथाच भिकार! (घाईघाईत उरकली होती, हे मी आजही म्हणते.) त्या शेवटच्या भागात टिरियन जॉनला साधारण हेच ऐकवतो, की ती वाईट माणसं मारत गेली आणि आपण टाळ्या वाजवत गेलो. तेव्हा मला ते लेखकांचं सारवासारव वाटलं होतं. पण त्याच्या यादीतही अस्टापोर, मिरीन, दोथ्राकी खाल येतात. मिरी माझ दूर त्यालाही आठवत नाही.

आईला मी हे सगळं सांगितलं, बरंच गाळून. ती म्हणाली, "म्हणजे गाव हिच्यासाठी जाळलं, आणि वर तिलाच जाळलं?" मी म्हटलं, हो. तिनं मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि म्हणाली, "लाव पुढचं. बघू तरी काय करते ते."

दुसरा सीझन लावला. मग अजून टेबलावरच आहे, चहा त्यातच पिते.