नंबर वाचल्याशिवाय रंग लावू नकोस

प्रिय विलास,

जीपचे फोटो मिळाले आणि मन भरून आलं. ओहायोतच मिळावी म्हणजे काय योग! विलीस-ओव्हरलँडचा कारखाना तिथलाच, टोलेडोचा. तू विचारतोस, इंजिनपासून चाकापर्यंतचा माल मूळचाच आहे का? पाटीवर १९४४ आहे म्हणून विसंबू नकोस. पाटी स्क्रूंनी बसते आणि स्क्रूंनीच निघते. ओतीव लोखंडावरचे नंबर वाच.

युद्धात ही जीप दोघांनी बनवली: विलीसची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. दोन्ही मिळून सहा लाखांवर गाड्या झाल्या, आणि एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे ही लष्कराची अट. त्यामुळे लष्करी वर्कशॉपमध्ये गाडी आली की दुरुस्त होऊन पडलेलं जे इंजिन हाती लागेल ते बसवत. म्हणून विलीसच्या चासीत फोर्डचं इंजिन निघालं तर हिरमुसू नकोस. ती अदलाबदल युद्धातलीही असू शकते, आणि तोही त्या गाडीचा इतिहासच.

इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या उजव्या अंगाला, ऑइल फिल्टरच्या मागे ठोकलेला असतो. एमबीने सुरू झाला तर विलीस, जीपीडब्ल्यूने झाला तर फोर्ड. ‘जे’ दिसलं तर ते युद्धानंतरच्या सीजे-२एचं इंजिन. फोर्डमध्ये इंजिनाचा आणि चासीचा नंबर एकच असे, विलीसमध्ये वेगवेगळे. तेव्हा विलीसचे नंबर जुळत नाहीत म्हणून कुणी किंमत पाडू पाहील, त्याचं ऐकू नकोस. फोर्डने तर आपल्या भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, वळणदार एफ उठवला आहे. रॉकेल आणि मऊ ब्रशने मळ काढ, टॉर्चचा उजेड आडवा पाड, उठावाच्या अक्षरांवरून खडू फिरव. ग्राइंडर मात्र लावू नकोस. ठोकलेला नंबर एकदा घासला गेला की परत येत नाही.

गिअरबॉक्स युद्धात टी-८४ होता. सीजे-२एला टी-९० आला. तो दणकट, म्हणून पुष्कळांनी जुन्या गाड्यांत तोच बसवला. मला विचारशील तर चालवायला टी-९० राहू दे, पण टी-८४ कुठे मिळाला तर सोडू नकोस.

खरी मजा मागच्या अ‍ॅक्सलमध्ये. युद्धातल्या जीपला क्राऊनचे ३९ दात आणि पिनियनचे ८, म्हणजे ४.८८ चं प्रमाण. सीजे-२एला ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. हाऊसिंग न उघडता मोजता येतं. बाकीच्या चाकांना ठोकळे लाव, मागचं एकच चाक उचल आणि अ‍ॅक्सल स्टँडवर टेकव. गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांचा ड्राइव्ह सोडलेला, आणि हँडब्रेक सोडलेला, कारण या जीपचा हँडब्रेक चाकाला नाही, ट्रान्सफर केसच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. शाफ्टवर खडूची खूण कर आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरव. शाफ्ट पाच फेऱ्यांना किंचित कमी फिरला तर युद्धातला जोड, सव्वापाचाच्या पुढे गेला तर नंतरचा. पुढच्या अ‍ॅक्सललाही हेच करून बघ. दोन्ही प्रमाणं सारखी नसतील तर फोर-व्हील मुळीच टाकायचं नाही. सगळा ताण ट्रान्सफर केसवर येईल. चाकाच्या हबच्या मध्यभागी बोल्टांचं कडं दिसलं तर तो पूर्ण तरंगता अ‍ॅक्सल, युद्धातल्या जीपला तोच होता. एकच मोठा नट असेल तर नंतरचा.

आपल्याकडे भारतात मूळचं इंजिन जागेवर मिळण्याचं भाग्य दुर्मिळ. महिंद्र आणि महंमद कंपनीने १९४७ मध्ये माझगावात विलीसच्या जीपा जोडायला घेतल्या, पुढे सीजे-३बी आली, उंच बॉनेटची, कारण तिच्या इंजिनाची इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये होती. पण पेट्रोल परवडेना, म्हणून कितीतरी जुन्या जीपांत डिझेल इंजिनं बसली आणि मूळची कुर्ल्याच्या नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात तुकड्यांनी गेली. तुझ्या गाडीत निदान पेट्रोल इंजिन जागेवर आहे. ते अनमोल आहे, विलास.

जे काही काढशील ते फेकू नकोस, चिठ्ठी बांधून ठेव. आणि टायमिंगचं झाकण उघडलंस की आत साखळी आहे की गिअर, ते लगेच कळव. युद्धातल्या इंजिनात साखळी असायची. बोल्टांच्या डोक्यांचे फोटोही पाठव, जवळून घेतलेले.

तुझा,
अनंत