निफ्टी वर, बाबा खाली

'आज निफ्टी किती?' हा प्रश्न आपण 'स्कोअर किती?' इतक्याच सहज विचारतो. लिफ्टमध्ये, चहाच्या टपरीवर, मीटिंग सुरू व्हायची वाट बघताना. एका आकड्यात उत्तर मिळतं आणि सगळे खूश! पण क्रिकेटमध्ये स्कोअर विचारला की आपला पुढचा प्रश्न तयार असतो, 'विकेट किती?' शेअरबाजारात मात्र तो कुणी विचारतच नाही. या विकेट मोजण्यालाच मार्केट ब्रेड्थ म्हणतात, आणि माझी तिच्याशी खरी ओळख झाली ती बाबांमुळे.

२३ मे २०१९. लोकसभेच्या निकालाचा दिवस. निफ्टीने पहिल्यांदाच १२ हजारांचा आकडा पाहिला, सेन्सेक्सने ४० हजारांचा. टीव्हीवर नुसता जल्लोष. आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात बाबा पेपर तोंडासमोर धरून गप्प. निवृत्तीच्या पैशातला एक भाग त्यांनी २०१७ च्या तेजीत स्मॉलकॅप शेअरमध्ये घातला होता आणि त्यातला एक तृतीयांश तोवर गायब झाला होता. "सगळं जग कमावतंय," ते म्हणाले, "मीच एक गाढव." हे त्यांनी इतक्या शांतपणे म्हटलं की मला भीतीच वाटली. कारण त्यापुढचं वाक्य होतं, "ती नऊ लाखांची एफडी मोडतो आणि याच शेअरमध्ये अ‍ॅव्हरेज करतो."

त्या एफडीत आईचे दोन्ही गुडघे होते. म्हणजे त्यांच्या ऑपरेशनचे पैसे. डॉक्टरांनी दोन वर्षांची मुदत दिली होती, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही.

बाबांना रागावून उपयोग नव्हता (मुळात आमच्यात रागवायचा हक्क त्यांचाच!). मग मी त्यांच्यासमोर आकडे ठेवले. निफ्टीत कंपन्या ५०, पण सगळ्यांचं वजन सारखं नसतं. पहिल्या दहा कंपन्यांचंच वजन निम्म्याहून जास्त. एकट्या सचिनने शतक ठोकावं, बाकीच्यांनी दुहेरी आकडाही गाठू नये, तरी धावफलक बरा दिसावा, तसं. स्मॉलकॅपचं शिखर जानेवारी २०१८ मध्येच होऊन गेलं होतं. १ फेब्रुवारीच्या बजेटमध्ये शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर पुन्हा कर आला, सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएसचं प्रकरण फुटलं, पैसा मोजक्या मोठ्या कंपन्यांत जाऊन बसला. त्यामुळे निफ्टी नवे उच्चांक करत राहिला आणि बाजाराचं बाकीचं अंग वाळत गेलं. ऑगस्ट २०१९ पर्यंत स्मॉलकॅप निर्देशांक शिखरापासून ४० टक्क्यांच्या आसपास खाली होता.

बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे माझे एकट्याचे नाही पडले?"

नाही ना बाबा! रोज संध्याकाळी एक्सचेंज सांगतं की आज किती शेअर वाढले आणि किती पडले. निफ्टी हिरवा आणि पडणारे जास्त, असे कितीतरी दिवस त्या वर्षी गेले. एफडी त्या दिवशी तरी वाचली.

पुढच्या आठवड्यात बाबांनी दोनशे पानी वही आणली. आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, रकाने आखण्यात हात कोण धरणार? तारीख, वाढलेले, पडलेले, ५२ आठवड्यांच्या उच्चांकावर किती, नीचांकावर किती. सगळ्यात महत्त्वाचा रकाना मात्र शेवटचा: निफ्टी ५०० मधले किती टक्के शेअर आपल्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर आहेत. (पूर्ण बीएसईपेक्षा निफ्टी ५०० बरा. तिथे हजारो कंपन्या आहेत, त्यातल्या कित्येकांत दिवसभरात धड व्यवहारही होत नाही.) नियम साधा ठरला. गुडघ्यांचे पाच लाख एफडीतच. उरलेल्या चारांपैकी निम्मे, शेवटचा रकाना ५० च्या वर टिकला तर बाजारात. ४० च्या खाली गेला तर बाहेर, कारण न विचारता.

मी आरएसआयही शिकवायचा प्रयत्न केला. वेल्स वाइल्डर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७८ मध्ये मांडलेला हा इंडिकेटर, १४ दिवसांच्या चढउतारावरून सांगतो की दम किती उरलाय. ७० च्या वर गेला की गरम, ३० च्या खाली की थंड. पण तेजी जोरात असली की हा पठ्ठ्या आठवडेच्या आठवडे ७० च्या वर मुक्काम ठोकतो आणि '७० झाले, विका' म्हणणारे हात चोळत बसतात. बाबांचा शेरा: "ताप आहे म्हणतो, पण पेशंट पळतोय." त्यापेक्षा त्यांना मॅक्लेलन ऑसिलेटर आवडला. वाढलेल्या-पडलेल्यांच्या फरकाच्या १९ आणि ३९ दिवसांच्या सरासऱ्या घेऊन १९६९ मध्ये शर्मन आणि मॅरियन मॅक्लेलन या नवरा-बायकोने तो बनवला. "बघ, त्यांची बायको आकडे काढायला बसायची," असं आईला ऐकवून झालं. आईने फक्त भाजीची टोपली पुढे सरकवली.

जानेवारी २०२० मध्ये रकाना ५० च्या वर आला. छोटे शेअर सावरत होते. दोन लाख आत गेले. आणि फेब्रुवारीच्या शेवटी, कोरोनाच्या बातम्यांनी बाजार घसरायला लागल्यावर रकाना ४० च्या खाली! आमचा तोटा तेव्हा नऊ टक्के. आता मात्र बाबा अडून बसले. "अगं, महिनाभरात कोण विकतं?" दोन रात्री वाद झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विकून टाकलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

२३ मार्चला सेन्सेक्स ३,९३५ अंकांनी कोसळला, मधे ४५ मिनिटं व्यवहारच बंद ठेवावे लागले. बाबांनी त्या दिवसाच्या 'पडलेले' रकान्याखाली दोन रेघा मारल्या.

आता कुणाला वाटेल, वा, ब्रेड्थने संकट आधीच ओळखलं! अजिबात नाही. जानेवारीत ती सुधारतच होती, विषाणूचा तिला वासही नव्हता. पडझड सुरू झाल्यावर तिने दार दाखवलं, बस. आणि परत आत घ्यायलाही उशीरच केला. रकाना पुन्हा ५० च्या वर टिकला तो ऑगस्टमध्ये, तोवर निफ्टी ७,५११ च्या तळापासून जवळपास ५० टक्के वर येऊन ११ हजारांच्या पुढे पोचला होता. म्हणजे विकलं त्याच्या आसपासच आम्ही परत घेतलं. रुपयांत हिशेब केला तर हाती काही लागलं नाही, उलट नऊ टक्के गेलेच. पण मार्च-एप्रिलमध्ये आमच्या घरी रात्री सगळे झोपत होते, आणि एफडी मोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

ऑफिसातली पोरं मोबाइलवर पाच मिनिटांच्या चार्टमध्ये सिग्नल शोधतात, तेव्हा मला ही संथ वही आठवते. कॅश मार्केटमध्ये इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांनी २०२२-२३ मध्ये तोटा केला, हा सेबीचाच अभ्यास. वर ब्रोकरेज, एसटीटी, आणि जुलै २०२४ पासून अल्प मुदतीच्या नफ्यावर २० टक्के कर. प्रत्येक लुकलुकीवर उडी मारायची तर ती फुकट नाही.

बाबांचे जुने स्मॉलकॅप तसेच ठेवले होते. २०२१ च्या उन्हाळ्यात तो निर्देशांक २०१८ च्या शिखरावर परत आला. बाबांच्या सात शेअरपैकी चार आले, तीन अजूनही पाण्यात.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन फेब्रुवारी २०२१ मध्ये झालं, एफडीच्याच पैशांत. आता ती तिसरा मजला मध्ये एकदाच थांबून चढते. बाबांची चौथी वही चालू आहे. आरएसआयला त्यात अजून रकाना नाही.