परभणी ते मोमिनाबाद : बालाघाटातले दोन दिवस

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांना पाठ आहे. परभणीचा उन्हाळाही तसाच. सोसला तर सोसला. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, काळी जमीन भेगाळते आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशा दिवसांत सहल म्हटली की लोकांना महाबळेश्वर किंवा माथेरान आठवते. आपल्या जिल्ह्याला खेटून डोंगर आहेत, हे बहुतेकांच्या ध्यानातही नसते. गंगाखेडच्या पुढे दक्षिणेला जी निळसर रेघ दिसते, ती बालाघाटची.

या डोंगरात जाण्याचे आमचे कारण मात्र घरगुती होते. अंबाजोगाईला अम्मींची धाकटी बहीण, म्हणजे आमची खाला राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तीन वर्षांपासून ऑपरेशनला नकार. फोनवर समजावून सगळे थकले. अम्मींचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी आम्हाला सांगितले, “तुम्ही जा. समोर बसून बोला.” आम्ही चौघे निघालो: दोन भाऊ, दोन जावा आणि दोन मोटारसायकली. मुले अम्मींजवळ ठेवली. गंगाखेड-परळीचा जवळचा रस्ता परतीसाठी राखला आणि जाताना पाथरी, माजलगाव, धारूर असा लांबचा मार्ग धरला. जाऊन-येऊन सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर.

फजरची नमाज होताच गाड्या सुरू केल्या. मानवतपर्यंत हवा गार होती. पाथरीत पोहे आणि चहा घेतला. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे मूळ या पाथरीत होते, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे. याच गावासाठी निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही एकमेकांशी लढल्या. आज मात्र बसस्थानकावरची गर्दी पाहून हे कोणाच्या मनातही येणार नाही. पुढे ढालेगावजवळ गोदावरी ओलांडली की परभणी जिल्हा संपतो आणि बीड लागतो.

पहिली अडचण तेलगाव सोडल्यावर आली. डोंगर समोर दिसत होता आणि मोठ्या गाडीचे मागचे चाक बसले. बाभळीचा काटा टायरमधून थेट ट्यूबमध्ये गेला होता. साडेनऊ वाजले होते, पण ऊन बाराचे होते. रस्त्याकडेच्या वस्तीवरून एक गृहस्थ आले. त्यांनी पाने आणून चाक खोलून दिले. धाकट्या भावाने ते दुसऱ्या गाडीवर बांधून तेलगावला नेले. आम्ही बाकीचे त्यांच्या लिंबाखाली बसलो. घरच्या बाईंनी माठातले पाणी आणून दिले.

ते कुटुंब नुकतेच कोल्हापूरकडच्या साखर कारखान्याहून परतले होते. धारूर, केज, माजलगाव, परळी हा सारा भाग ऊसतोड मजुरांचा. दिवाळीच्या आसपास गावे रिकामी होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. “फिटली का?” असे विचारल्यावर बाई हसल्या. “थोडी राहिली, ती पुढच्या साली.” त्यांची मुलगी यंदा आजीजवळ राहून शाळेत गेली, हे मात्र त्यांनी आपण होऊन दोनदा सांगितले. दोन तासांनी चाक आले. पैसे घ्यायला ते तयार झाले नाहीत. अम्मींनी खालासाठी दिलेल्या ज्वारीतली दोन शेर ज्वारी त्यांच्या सुपात ओतली, तेव्हा ती मात्र घेतली. “परभणीची ज्वारी? मग राहू द्या.”

धारूरचा घाट मोठा नाही, पण अरुंद आहे आणि वळणे आंधळी आहेत. अर्ध्या चढावर एक मालट्रक बंद पडला होता आणि दोन्ही बाजूंनी वाहने तुंबली होती. पाऊण तास तिथेच गेला. दोघांचे वजन, वरून ऊन. इंजिन इतके तापले की पाय जवळ धरवेना. गाड्या बंद करून सावलीच्या पट्ट्यात उभ्या केल्या. उतारांवर सीताफळाची झुडपे होती, बहुतेक नुसत्या काड्या. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते हेच रानचे फळ. पाऊस पडला की हा करडा डोंगर हिरवा होतो.

वर पोहोचल्यावर जोहरची कसर अदा केली, डबा खाल्ला आणि किल्ला पाहिला. हा किल्ला १५६७ च्या सुमारास विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार किश्वर खान याने बांधला. दोनच वर्षांत मूर्तझा निजामशाहाने तो जिंकला आणि त्या लढाईत किश्वर खान मारला गेला. पुढे मोगलांनी धारूरचे नाव फतेहाबाद ठेवले. आतले पाण्याचे हौद पाहिले की बांधणाऱ्यांची काळजी कळते. या डोंगरावर शत्रूइतकीच तहानही घातक होती.

डोंगरमाथ्याची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. उत्तरेकडे पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी गोदावरीकडे जातो. दक्षिणेकडे पडलेला मांजरा नदीत उतरतो. मांजरा लांबचा वळसा घेऊन तेलंगणात कंदकुर्तीजवळ पुन्हा गोदावरीलाच मिळते.

असरच्या वेळेला अंबाजोगाई आली. जुनी माणसे तिला अजून मोमिनाबाद म्हणतात. निजामाच्या काळात हेच नाव होते आणि हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी इथे होती. ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधीही इथल्याच दरीच्या काठाला आहे.

खाला दारातच बसल्या होत्या. सकाळपासून जेवल्या नव्हत्या. “कायकू आए इत्ती धूप में? बस नईं थी क्या?” असे रागावून त्यांनी चौघांची तोंडे हाताने चाचपली. रात्री अम्मींना व्हिडिओ कॉल लावून दिला. खालांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, पुन्हा जवळ नेला. मग म्हणाल्या, “आवाज तो आपाकीच है. सूरत नईं दिखरी.” पलीकडे अम्मी गप्प झाल्या. आम्हीही.

त्या रात्री कोणी ऑपरेशनचा विषय काढला नाही. सकाळी चहा देताना खालाच बोलल्या. भीती एकच होती: “जो थोडा दिखता, वो भी गया तो?” धाकट्या जाऊने आपल्या आईचे ऑपरेशन कसे झाले, पट्टी किती दिवस होती, सारे सविस्तर सांगितले. खालांनी ऐकून घेतले आणि अट घातली, “आपा बाजू में बैठी तो कराती.”

परतीला परळीचा घाट उतरताना वळवाने गाठले. धुळीचे लोट, मग टपोरे थेंब, आणि धुळीचा चिखल होऊन रस्ता निसरडा. एका टपरीच्या पत्र्याखाली तासभर उभे राहिलो. परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या पावसातून दिसत होत्या. सोनपेठ तालुक्यातील खडका बंधाऱ्यातले गोदावरीचे पाणी या केंद्राला जाते. २०१५ मध्ये पाणीच नव्हते म्हणून वीजनिर्मिती थांबवावी लागली होती. मगरिबच्या सुमारास संत जनाबाईंचे गंगाखेड गाठले. पुढे परभणीपर्यंत मातीचा वास सोबत होता.

अम्मींनी अट ऐकली आणि गुडघ्यांचे नावही काढले नाही. पंधरा दिवसांनी त्या एसटीने अर्ध्या तिकिटात अंबाजोगाईला गेल्या. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, अल्हम्दुलिल्लाह. पट्टी निघाल्यावर खालांचे पहिले वाक्य होते, “आपा, तू कित्ती बुड्ढी हो गई!”

आपल्या वाचकांपैकी कोणी या वाटेने जाणार असेल तर उजाडताच निघा आणि घाट दहाच्या आत चढा. जास्तीची ट्यूब, पाने आणि माणशी तीन लिटर पाणी जवळ असू द्या. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका; खालच्या गियरमध्ये उतरा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. फिरायलाच जायचे तर सीताफळाच्या दिवसांत जा. भेटायचे माणूस असेल तर मात्र मोसमाची वाट पाहू नका.