वर्गणी तेव्हाची आणि आताची

आमच्या मंडळाचा सगळा कारभार पावतीपुस्तकावर चालायचा. गणपती जवळ आले की दोघं-तिघं मिळून जिने चढायचे. एक बोलका, एक पावती फाडणारा. रात्री खजिनदारकाका स्थळप्रतींशी रोकड ताडून बघत. उत्सवानंतर अहवाल छापून आला की लोक आधी आपलं नाव शोधत, मग शेजाऱ्याचा आकडा. नाव नको असेल त्यांच्यासाठी ‘एक हितचिंतक’ होताच. अध्यक्षांशी बिनसलं, तर पुढच्या वर्षी पलीकडच्या चौकात नवं मंडळ!

२०२१च्या नोव्हेंबरात अमेरिकेत काही तरुणांनी अशीच वर्गणी काढली, अध्यक्षाविना. अमेरिकी राज्यघटनेची १७८७ची छापील प्रत सदबीजच्या लिलावात निघाली होती. ती घ्यायला ‘कॉन्स्टिट्यूशन डाओ’ उभा राहिला; डाओ म्हणजे अध्यक्षाऐवजी कोडमधल्या नियमांवर चालणारा गट. आठवड्याभरात सतरा हजारांहून अधिक जणांनी सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलरचं इथर, म्हणजे इथेरियम या नेटवर्कवरचं डिजिटल चलन, जमवलं. जमा झालेलं सगळं ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत, उघडं. हितचिंतकाच्या जागी आकड्या-अक्षरांचा लांबलचक पत्ता. तिजोरी उघडायला तेरा जणांपैकी नऊ जणांची सही हवी; म्हणजे एक खजिनदार जाऊन तेरा आले, एवढंच.

ज्या उघड्या हिशोबाचा आम्हाला अभिमान वाटायचा, तोच इथे नडला. विमा-वाहतुकीचा खर्च वजा जाता हा गट कुठवर बोली लावेल, याचा अंदाज लिलावाआधीच कोणालाही बांधता येत होता. प्रत अब्जाधीश गुंतवणूकदार केन ग्रिफिन यांनी ४ कोटी ३२ लाख डॉलरना घेतली.

नव्या मंडळाची आमची खोड मात्र तिकडेही आहे. २०१६ साली ‘द डाओ’ या आधीच्या अशाच एका गटाच्या कोडमधल्या चुकीमुळे सुमारे ३६ लाख इथर कुणीतरी वळतं केलं. ते परत मिळवायला इथेरियमची नोंदच बदलली गेली. ज्यांना ते पटलं नाही, त्यांनी जुनी साखळी ‘इथेरियम क्लासिक’ म्हणून चालू ठेवली. भांडण मोठं, पण ओळखीचं.

राहून राहून खटकतं ते परताव्याचं. लिलाव हरल्यावर पैसे परत द्यायचं ठरलं, पण प्रत्येक व्यवहाराला नेटवर्कचं शुल्क. थोडी रक्कम दिलेल्या कित्येकांना परताव्यापेक्षा शुल्कच जड झालं. आमचे काका अकरा रुपयेसुद्धा जिना चढून परत देऊन आले असते. तेव्हा मुलांनो, असा गट काढणार असाल तर वर्गणी मागायच्या आधी एवढं ठरवा: पैसे परत द्यायची वेळ आली, तर तो खर्च कोण सोसणार?