कागदावरून कंठाकडे

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून डहाणूचा रस्ता जेथे फुटतो, त्या चारोटीच्या परिसरात वारली लग्नातील धवलेरीच्या गीतांना कागदाची गरज कधी भासली नाही. सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहितात, धवलेरी गाते आणि तिच्या गाण्यावाचून लग्न लागत नाही. अभ्यासकाने ही गीते उतरवून घेतली की त्यांची ‘संहिता’ होते. पुनरावृत्ती कंटाळवाणी म्हणून गाळली जाते; दम घेण्याच्या जागी स्वल्पविराम येतो. मराठी समीक्षा लोकगीताविषयी बोलते ती बहुधा या उरलेल्या ऐवजाविषयी.

ज्या परंपरेत कविता आधीच छापील असते, तेथे प्रवास उलटा होतो. आणि त्यात काय घडते हे पाहण्यासाठी ग्यॉर्ज कुर्ताग या हंगेरियन संगीतकाराची ‘ह्योल्डरलीन-गेझेंग’ (१९९३-९७) ही सहा गीतांची मालिका विशेष उपयोगी आहे. मनाचा तोल गेलेल्या ह्योल्डरलीनने १८०७ ते १८४३ ही छत्तीस वर्षे ट्युबिंगेन येथे एका सुताराच्या घरी, नेकार नदीकाठच्या बुरुजात काढली. कुर्तागने त्याच्या शब्दांसाठी बहुतांशी एकटा बॅरिटोन आवाज योजला. पियानोचा आधार काढून घेतला. शेवटचे गीत मात्र ह्योल्डरलीनचे नव्हे. ते त्याच्यावरील पाउल त्सेलानच्या कवितेचे आहे. जिच्या बोलणाऱ्यांनी त्याच्या आईवडिलांचा बळी घेतला, त्याच जर्मन भाषेत त्सेलान लिहीत राहिला. त्या कवितेत भाषा अडखळते आणि अखेरीस ह्योल्डरलीनच्या एका खाजगी शब्दापाशी येते, ज्याचा अर्थ कधी होकार असे, कधी नकार. कुर्ताग त्या अडखळण्याला सुरेलपणाचे पांघरूण घालत नाही. गायकाला ते गावे लागते.

मराठी कानाला हे गाणे वाटणे कठीण. ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली, तीच मराठीची सर्वपरिचित गीतमालिका. पण माडगूळकरांनी ती गाण्यासाठीच लिहिली, आणि सुधीर फडके यांच्या चालीत शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येतो. चालीने शब्दाला धक्का लावू नये, ही अपेक्षा तेथे दृढ झाली. ती रास्तही आहे. फक्त ती प्रत्येक कवितेला लावता येत नाही. ज्या कवितेत शब्दच मोडला आहे, तिला स्वच्छ चाल लावणे हा एक प्रकारचा खोटेपणा ठरेल. (मर्ढेकरांच्या काही कविता चालीत बसवताना हा पेच टाळता येणार नाही.)

याच कानाने धवलेरीचे गाणे टिपले जाते. तिने ओळ तिसऱ्यांदा घेतली, मध्येच थांबली, एखादे अक्षर निरर्थक लांबवले, तर टिपणाऱ्याची पेन्सिल तेवढ्यापुरती थांबते. कुर्तागच्या स्वरलिपीत अशा थांबण्यालाही जागा नेमून दिलेली असते.